ताल शिकावा तो पथकात

आषाढ सरत आला की नाशिकमध्ये ‘वादक नोंदणी सुरू’ असे फलक दिसू लागतात. ढोल-ताशा पथकांच्या सरावाचे हे दिवस. एखादे मोकळे मैदान, लग्नसराई संपल्यामुळे रिकामे पडलेले लॉन, गोदाकाठचे पटांगण अशा ठिकाणी संध्याकाळी सात-साडेसातला माणसे जमू लागतात. त्यांत महाविद्यालयातली मुले-मुली असतात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी करून आलेले तरुण असतात, बँकेत किंवा शाळेत नोकरी करणाऱ्या ताई असतात आणि कधी आई-मुलगी अशी जोडीही असते. यांतल्या बहुतेकांनी तोवर कुठल्याही वाद्याला हात लावलेला नसतो. मात्रा कशाला म्हणतात, सम कुठे येते, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. आणि तरीही दीड महिन्यात, गणेश चतुर्थीच्या सकाळी, हीच माणसे पन्नास-साठ जणांच्या रांगेत उभी राहून एकाच क्षणी टिपरू मारतात.

वर्गात एकट्याने तबला शिकणारा विद्यार्थी दीड महिन्यात ‘कायदा’ या वादनप्रकाराच्या जेमतेम उंबरठ्यावर पोहोचतो. दोन शिक्षणांची तुलना करून कुणाला कमी लेखायचे नाही, कारण तबल्याचे शिक्षण वेगळे, खोल आणि दीर्घ आहे. पण ज्याला काहीच येत नाही, त्याच्या अंगात लय मुरवण्याचे काम घोळक्यात उभे राहून जितके लवकर होते तितके एकट्याने बसून होत नाही, असे माझे ठाम मत आहे. संगीत शिकण्याचा हा मार्ग आपल्याकडे जुना आहे, जवळजवळ फुकट आहे आणि तरीही त्याला कुणी ‘शिक्षण’ म्हणत नाही.

नव्या वादकाची पहिली संध्याकाळ जवळून पाहण्यासारखी असते. बहुतेक पथकांत त्याला लगेच ढोल मिळत नाही. आधी टाळ्या. जुना वादक समोर उभा राहून तोंडाने ठेका म्हणतो आणि पंधरा-वीस नवे चेहरे त्याच्याबरोबर टाळी वाजवतात, मांडीवर थाप मारतात. टाळी चुकली की समोरचा थांबत नाही, ठेका तसाच पुढे चालू राहतो. चुकलेल्याने पुढच्या आवर्तनात शिरायचे. गाडी थांबणार नाही, धावत येऊन पकडायची, हा पथकातला पहिला धडा, आणि संगीतातलाही पहिलाच. वर्गात चूक झाली की गुरुजी थांबवतात, पुन्हा सुरुवातीपासून घ्यायला लावतात. त्यातून हात शुद्ध होतो, पण लय तुटते. पथकात हात काही दिवस अशुद्ध राहतो, लय मात्र कधीच तुटत नाही.

मग केव्हातरी कमरेला ढोल बांधला जातो. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची उघडी थाप. पट्टा कमरेत रुततो, खांदा भरून येतो, बोटांना फोड येतात. नव्या माणसाला रांगेत एकटे सोडत नाहीत, त्याच्या दोन्ही बाजूंना जुने वादक ठेवतात. त्याच्या वाट्याला येतो तो साधा, ठळक ठोका. अवघड जागी त्याने एखादा ठोका गाळला तरी बाजूच्या चार ढोलांच्या आवाजात तो भरून निघतो. थोडक्यात, पहिल्या आठवड्यातच तो खऱ्या वादनाचा भाग झालेला असतो. त्याचा वाटा लहान असला तरी खरा असतो.

शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या दोघांनी १९९१ मध्ये एक छोटे पण फार गाजलेले पुस्तक लिहिले. त्यात पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियातल्या शिंप्यांची हकिगत आहे. तिथला नवा उमेदवार कापड कापायला आधी शिकत नाही. तो तयार होत आलेल्या कपड्याला बटणे लावतो, कडा दुमडून शिवतो, आणि मग उलट्या क्रमाने शिवणाकडे व शेवटी कापणीकडे जातो. त्याच्या हातातला कपडा खरा असतो, सरावाची चिंधी नसते. पूर्ण वस्तू कशी दिसते हे त्याला आधी कळते आणि तपशील मागाहून येतो. पथकात नेमके हेच होते. झांज किंवा ध्वज हाती घेतलेला मुलगा पहिल्याच वर्षी पूर्ण वादन आतून ऐकतो. पुढल्या वर्षी तो ढोलावर येतो आणि काही वर्षांनी, त्याच्या मनगटात तेवढी ताकद असेल तर, ताशावर.

ताशा हा पथकाचा मेंदू. गळ्यात अडकवलेल्या त्या लहानशा धातूच्या भांड्यावर दोन बारीक काड्या इतक्या वेगाने पडतात की ढोल नुसता मात्रा मोजत असतो आणि ताशा त्या मात्रांच्या मधल्या सगळ्या जागा भरत असतो. ठेका बदलायचा इशाराही ताशाच देतो. एखादी ठरावीक उठान वाजली की पुढच्या समेला सगळे ढोल नव्या हातावर जातात. नव्या ढोलवादकाला हा इशारा कुणी कागदावर लिहून देत नाही. दहा-बारा संध्याकाळी ऐकून ऐकून तो कानात बसतो, आणि मग एक दिवस हात आपसूक वळतो. तबल्यातल्या तिहाईचा अर्थ हाच: तीनदा सांगून समेवर येणे. ज्याने पथकात इशारा ओळखायला शिकून घेतले, त्याला पुढे मैफलीत बसल्यावर समेची चाहूल इतरांपेक्षा आधी लागते.

आता यामागचे थोडे शास्त्र. आवाज ऐकल्यावर हात हलवायला माणसाला सुमारे १५० ते २०० मिलिसेकंद लागतात. ठोका ऐकून मग मारायचा म्हटले तर प्रत्येक जण दर वेळी उशीरच करील. म्हणून एकत्र वाजवणारा माणूस ऐकून मारत नाही. पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज बांधून मारतो. प्रयोगशाळेत लोकांना यंत्राच्या टिकटिकीबरोबर बोट आपटायला सांगितले, तर बोट बहुतेकदा टिकटिकीच्या काही मिलिसेकंद आधीच पडते, हे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. म्हणजे लय ही मुळात भाकीत करण्याची कला आहे. भाकीत चुकले की मेंदू पुढच्या ठोक्यात थोडी दुरुस्ती करतो, आणि पथकात ही दुरुस्ती मिनिटाला शंभराहून जास्त वेळा होते. दीड तासाच्या सरावात किती झाल्या असतील याचा हिशोब वाचकाने स्वतः करावा.

यंत्रापेक्षा माणसाबरोबर हे जास्त चांगले होते, याचाही पुरावा आहे. जर्मनीतल्या लाइपझिग इथे सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध केला. मुलांनी ढोलकी वाजवायची, पण तीन प्रकारे: समोर बसलेल्या माणसाबरोबर, ढोल वाजवणाऱ्या यंत्राबरोबर आणि नुसत्या ध्वनिमुद्रणाबरोबर. माणूस समोर असला की मुलांचा ताल जास्त नेमका पडला. मोबाइलवर तालाचे ॲप लावून मुलाला एकट्याला सरावाला बसवणाऱ्या पालकांनी हा प्रयोग ध्यानात ठेवावा. ॲप वाईट नाही, पण ते काही समोर बसलेल्या माणसाची जागा घेत नाही.

पथकाची रांग लांबली की आणखी एक अडचण येते, आणि तिचा उगम भौतिकशास्त्रात आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पथक ३० मीटर लांब असेल तर पुढच्या टोकाचा ठोका मागच्या टोकाला पोहोचायला जवळजवळ ९० मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. ताशाने एका मात्रेत चार फटके मारले तर दोन फटक्यांमधले अंतर १२५ मिलिसेकंद. म्हणजे मागचा वादक नुसत्या कानावर विसंबला, तर तो जवळपास पाऊण फटका मागे पडेल. त्याच्या मागचा त्याला ऐकून आणखी मागे, आणि बघता बघता सगळ्या पथकाची लय ढासळते.

याची तोड वादकांनी कुठल्याही पुस्तकाशिवाय शोधली आहे. ताशे एका टोकाला न ठेवता ढोलांच्या रांगांच्या मधे ठेवायचे, म्हणजे कुणीही ताशापासून फार लांब राहत नाही. आणि कानाबरोबर डोळाही वापरायचा. पथकप्रमुखाचा वर गेलेला हात आणि पुढच्या वादकाचे टिपरू दिसायला वेळ लागत नाही. म्हणून सरावात नव्यांना ‘खाली बघू नकोस, मान वर’ असे सारखे ओरडून सांगतात. बघणाऱ्याला वाटते, हे रुबाबासाठी आहे. रुबाब येतोच, पण मान वर ठेवण्याचे खरे कारण आवाजाचा वेग हे आहे. नाशिकची गणेश विसर्जन मिरवणूक परंपरेने जुन्या नाशकातल्या वाकडी बारवेपासून निघते आणि मेन रोड, रविवार कारंजा अशा गर्दीच्या वाटेने गोदाघाटाकडे जाते. तिथल्या अरुंद भागात दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून आवाज उलटून येतो, तेव्हा तर डोळ्याशिवाय गत्यंतरच नसते. या मिरवणुकीत गुलालवाडी व्यायामशाळेचे लेझीम पथक वर्षानुवर्षे खेळत आले आहे. लेझमीत हात, पाय आणि आवाज एकाच मात्रेवर पडतात, त्यामुळे कानाने सांगितलेले डोळा लगेच तपासून घेतो. लय शिकवायला याहून सोपे साधन मला माहीत नाही. आपल्या शाळांत ती खेळाच्या तासाला शिकवतात, संगीताच्या तासाला नाही, याचे मात्र वाईट वाटते.

नाशिकच्या ढोलाची कीर्ती तर शहराबाहेर फार लांब गेली आहे. केरळात उत्सवांमध्ये आणि महाविद्यालयांच्या कार्यक्रमांत ‘नाशिक ढोल’ वाजवणारे गट आहेत. मंगळूर-उडुपीकडे मिरवणुकीतल्या अशा ताफ्याला ‘नाशिक बँड’ म्हणतात. ज्यांनी गोदावरी कधी पाहिली नाही, अशी तिथली मुले नाशिकचे नाव घेऊन एकत्र ताल धरतात. ढोल उचलून नेता येतो, आणि त्याबरोबर तो शिकण्याची रीतही जाते. चार जण जमले की शाळा भरते.

पण घोळक्यात शिकण्याची याहून जुनी शाळा नाशिकजवळच, त्र्यंबकेश्वरला आहे. संत निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी पौष वद्य एकादशीला यात्रा भरते आणि गावोगावच्या दिंड्या चालत येतात. ज्येष्ठात इथूनच निवृत्तिनाथांची पालखी सिन्नरच्या वाटेने पंढरपूरला निघते. दिंडीची रचना नीट पाहा. एक वीणेकरी, मृदंगावर एक-दोन जाणकार आणि दोन बाजूंना समोरासमोर टाळकऱ्यांच्या रांगा. समोरासमोर असल्याने प्रत्येकाला दुसऱ्याचे हात दिसतात. पाय पावली टाकत असतात, म्हणजे मात्रा जमिनीवर मोजली जाते. आठ मात्रांचा भजनी ठेका चालू असतो आणि एखादा सात-आठ वर्षांचा मुलगा आजोबांच्या शेजारी उभा राहून आपले छोटे टाळ वाजवतो. त्याचे टाळ ठेक्यात नसले तरी त्याला बाजूला करत नाहीत. आजोबा फार तर त्याच्या हाताला हात लावून एक-दोन आवर्तने वाजवून घेतात. गावातल्या देवळात रोज संध्याकाळी हरिपाठ होतो, काकड्याच्या दिवसांत पहाटे भजन होते, आणि असा मुलगा तिथे रोज असतो. बारा-तेरा वर्षांचा होईतो चाली त्याला पाठ झालेल्या असतात, आणि स्वर कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा हे त्याला कुणी न सांगता कळते. महाराष्ट्रातल्या कितीतरी पखवाजवादकांचे आणि गायकांचे पहिले शिक्षण असे भजनी मंडळात झाले आहे.

वर्गात बसून एकत्र संगीत शिकण्याची कल्पना आपल्याकडे रुजवली ती पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी. कुरुंदवाडला १८७२ मध्ये जन्मलेल्या, लहानपणी फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झालेल्या या माणसाने मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे जुन्या पद्धतीने, गुरूच्या घरी राहून गाणे शिकून घेतले. आणि स्वतः शिकवायची वेळ आली तेव्हा ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. स्वरलिपी केली, पाठ्यपुस्तके छापली, मुलांना वर्गात एकत्र बसवून शिकवायला सुरुवात केली. जे ज्ञान घराण्याच्या दाराआड होते ते त्यांनी शाळेच्या बाकावर आणून ठेवले. पुढे मुंबईत काढलेली त्यांची संस्था कर्जापायी हातची गेली आणि आयुष्याच्या उत्तरार्धात ते नाशिकला आले. इथे त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला, शिष्यांना सांभाळले, शिकवले. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. गर्दीला एका सुरात रामधून गायला लावण्याची त्यांची हातोटी प्रसिद्ध होती. हजारो माणसे, ज्यांना राग माहीत नाही, ती एकत्र गायली की सुरात येतात, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

एकत्र वाजवण्या-गाण्याने माणसाला बरे का वाटते, याचेही उत्तर शोधले गेले आहे. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाला २०१२ च्या अभ्यासात असे दिसले की, संगीत नुसते ऐकण्यापेक्षा स्वतः गाणे, नाचणे, ढोल वाजवणे केल्यावर माणसाची वेदना सोसण्याची शक्ती वाढते. शरीरात तयार होणाऱ्या एंडॉर्फिन नावाच्या वेदनाशामक द्रव्याची ती खूण, असे त्यांचे म्हणणे. बोटाला फोड आलेला वादक दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळेवर का हजर होतो, याचे थोडेबहुत स्पष्टीकरण इथे मिळते. थोडेबहुतच म्हणतो, कारण उरलेले कारण मैत्री हे आहे. सुताराचा मुलगा, डॉक्टरची मुलगी आणि रिक्षा चालवणारा दादा एका रांगेत उभे राहतात आणि एकमेकांच्या हाताकडे बघून वाजवतात, असे प्रसंग आपल्या शहरात किती उरले आहेत?

इतके सगळे मान्य करूनही पथक काय शिकवत नाही, हे सांगायलाच हवे. घोळका नवख्याला सांभाळतो, तसा तो त्याच्या चुकाही झाकतो. पन्नास ढोलांत एक हात तीन वर्षे चुकीचा पडत राहिला तरी कुणाला कळत नाही, वाजवणाऱ्यालाही नाही. टिपरू खांद्यातून मारायचे की मनगटातून, हे वेळेवर दुरुस्त झाले नाही तर आवाज बसका येतो आणि खांदा कायमचा दुखू लागतो. दुसरे म्हणजे सूर. ढोल-ताशात स्वराचे काम नाही, त्यामुळे पथकातून आलेल्या मुलाचा ताल पक्का असला तरी कान स्वराला कोवळाच राहतो. भजनी मंडळात ही उणीव भरून निघते. तिसरे, आणि मला सर्वांत खुपणारे: जोर म्हणजे वादन असा समज. हळू वाजवून लय टिकवणे फार अवघड आहे, आणि चांगले ताशावादक ते करून दाखवतात. पण मिरवणुकीच्या ईर्ष्येत ते ऐकायला मिळणे दुर्मीळ. पथकाने आठवड्यातून एक सराव अर्ध्या आवाजात केला, तर कोणाचा हात कुठे चुकतो ते लगेच उघडे पडेल.

आवाजाचा प्रश्न केवळ शेजाऱ्यांचा नाही, तो आधी वादकांच्या कानांचा आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते, असा व्यावसायिक आरोग्याचा एक प्रमाणित हिशोब आहे. त्या हिशोबाने १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात. ताशाच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्याहून जास्त आवाज तासन्‌तास ऐकावा लागतो. कानात आतल्या बाजूला ज्या केसासारख्या पेशी असतात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. अनेक जण कापसाचे बोळे घालतात, पण कापूस आवाज फारसा अडवत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी फोमची बुचे स्वस्त आहेत आणि ती घातली तरी ठेका स्वच्छ ऐकू येतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०२४ मध्ये पुण्यातल्या पथकांवर ३० वादकांची मर्यादा घातली होती, तिला सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्थगिती दिली. संख्येचा तो वाद न्यायालयात होत राहील. कानात बूच घालायला मात्र कुणाच्या आदेशाची गरज नाही.

गुढीपाडव्याच्या सुमारास गोदाकाठच्या पाडवा पटांगणावर नाशिकची पथके एकत्र येऊन महावादन करतात. त्याच पटांगणावर ‘अंतर्नाद’ या कार्यक्रमात शहरातले गायन, वादन आणि नृत्याचे विद्यार्थी एकत्र येतात. एकाच जागी, थोड्याच दिवसांच्या अंतराने, दोन्ही प्रकारचे शिकणारे उभे राहतात. त्यांची आपसांत गाठ घालून देणे काही अवघड नाही. नाशिकमधल्या पथकप्रमुखांना माझी विनंती आहे की, विसर्जनानंतर ढोल गोदामात ठेवून देऊ नयेत. महिन्यातून दोन रविवार सराव चालू ठेवावा आणि त्यांतला एक शहरातल्या एखाद्या तबला किंवा पखवाज शिक्षकाच्या हाती द्यावा. शिक्षकांनीही आपल्या विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा तरी पथकात किंवा दिंडीत पाठवावे. आणि पालकांनो, येत्या आषाढात तुमच्या भागात नोंदणीचा फलक लागला की मुलाला, मुलीला घेऊन जा, जमल्यास स्वतःही नाव घाला. फोमची बुचे तेवढी बरोबर न्या.